बंद ठेवायची परवानगी

"ही किटली इथे कोणी लावली?" नोंदणीच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या इन्शिराहनं विचारलं.

नोंदणी कारकून फतही निवांत चहा पीत होता. "प्लग रिकामा दिसला, बाशमुहंदिसा."

"रिकामा नव्हता. तू सिस्टिमची वायर काढलीस."

"नाहीतरी ती रोज बंदच पडते," फतही म्हणाला. "निदान चहा तरी झाला."

दमनहूरच्या त्या किडनी रुग्णालयात संगणकाची सिस्टिम बसवायला कैरोहून कंपनीचे लोक आले होते. त्यांनी फीत कापली, बसबूसाची मिठाई खाल्ली, फोटो काढले आणि ते गेले. मागे राहिली ती बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनिअर, इन्शिराह. सिस्टिम चालली की कंपनी हुशार, अडली की इन्शिराह निष्काळजी, असा सरळ हिशेब होता. प्रिंटरमध्ये कागद नाही, तिला बोलवा. पासवर्ड आठवत नाही, तिला बोलवा. एकदा तिला पंखा दुरुस्त करायलाही बोलावलं होतं. तोही विजेवरच चालतो ना, असं बोलावणाऱ्याचं म्हणणं पडलं.

हे सगळं ती कुरकुरत का होईना, सोसत होती. पण रमजान ईद झाल्यापासून एक वेगळीच भानगड सुरू झाली होती. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. दोन्हीत सारखीच माहिती राहायची, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक मरायला टेकली होती. ती मागे पडायची, आणि सिस्टिम मध्येच कधीतरी तिच्यातलीच शिळी माहिती स्क्रीनवर आणायची. नवी डिस्क इन्शिराहच्या कपाटात येऊन पडली होती. ती बसवून माहिती पुन्हा जुळवायची, तर सिस्टिम अर्धा दिवस बंद ठेवायला हवी होती. तेवढी परवानगी काही मिळत नव्हती.

संचालक डॉक्टर वजीह वाईट माणूस नव्हता. प्रांतातलं सर्वांत चांगलं संगणकीकृत रुग्णालय म्हणून एक पारितोषिक मिळायचं होतं, आणि त्याच्याबरोबर डायलिसिसची दोन नवी यंत्रं. बाहेर रुग्ण ताटकळत असायचे. त्या यंत्रांसाठी त्यानं कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते. इन्शिराह गेली की तो म्हणायचा, समिती येऊन जाऊ दे, मग हवी तेवढी बंद ठेव. समितीची तारीख पुढे जायची, आणि डिस्कही पुढे ढकलली जायची.

अखेर समिती यायचा दिवस उजाडला. सकाळपासून फरशा पुसल्या जात होत्या, आणि कुणीतरी इन्शिराहला स्क्रीनवरची अक्षरं जरा मोठी करायला सांगत होतं. तेवढ्यात डायलिसिसच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला.

ती धावली. अम शाबान नावाचा म्हातारा शिंपी खुर्चीत पांढराफटक पडला होता. त्याचे पाय वर उचललेले होते आणि मुख्य परिचारिका करीमान त्याला सलाईन देत होती. त्याचा रक्तदाब एकदम कोसळला होता. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, आणि माझं कापड कुठं गेलं, असं विचारलं. त्याला आपण दुकानातच आहोत असं वाटत होतं. कुणी हसलं नाही.

"पाणी जास्त काढलं गेलं," करीमान म्हणाली. "पाणी काढल्यावर याचं वजन किती उरायला हवं, ते स्क्रीनवर बघूनच मी यंत्र लावलं. तूच बघ."

इन्शिराहनं बघितलं. आकडा थंडीतला होता, अम शाबान आजारी होता तेव्हाचा. मग तो मुलीकडे राहायला गेला, तिच्या हातचं खाऊन त्याच्या अंगावर मांस चढलं, आणि डॉक्टरांनी नवा आकडा भरला. तो नवा आकडा मरू घातलेल्या डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता. यंत्रानं ते चढलेलं मांसच पाणी समजून तेवढं पाणी जास्त ओढलं होतं.

"मिस करीमान," ती म्हणाली, "आज स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या फायली काढ, आणि प्रत्येकाला विचारून यंत्र लाव."

"आणि तू काय करणार?"

"जे ईद झाल्याबरोबर करायला हवं होतं ते."

ती संचालकाकडे गेली. काय झालं ते त्याच्या कानावर आलं होतं. तो टाय नीट करत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. समितीची गाडी निघाली आहे, दुपारपर्यंत कळ काढ, असं तो अजिजीनं म्हणाला. त्या दोन यंत्रांवर किती माणसं जगतील, हेही त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच इन्शिराहला जास्त राग आला.

"डॉक्टर, ती माणसं अजून बाहेर आहेत," ती म्हणाली. "ही आत खुर्च्यांवर बसलीत. मी परवानगी मागायला आले नाही. सांगायला आले."

आणि तिनं सिस्टिम बंद केली.

समिती आली तेव्हा सगळे स्क्रीन काळे होते. परिचारिका फायली घेऊन या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे पळत होत्या. पाहुण्यांनी सरबत घेतलं, मान हलवली आणि ते लवकरच उठले. इन्शिराह तेव्हा सर्व्हरच्या खोलीत जमिनीवर बसून माहिती जुळताना बघत होती. संध्याकाळच्या आत सिस्टिम सुरू झाली. फतहीनं येऊन एवढंच सांगितलं, की चालतेय, आणि कुणी तुझं नावसुद्धा काढत नाहीये.

पारितोषिक दुसऱ्या गावाला गेलं, यंत्रंही तिकडेच गेली. नोंदणीच्या रांगेतली एक बाई इन्शिराहला तोंडावर म्हणाली, की तुझ्यामुळे माझ्या नवऱ्याचा नंबर लागला नाही. उन्हाळ्यात तिची बदली झाली, रशीद गावच्या लसीकरण कार्यालयात. कारण लिहिलं होतं 'कामाची गरज'. अम शाबान मात्र आठवड्याच्या ठरल्या दिवशी येत राहिला आणि खुर्ची कडक आहे म्हणून भांडत राहिला.

पुढच्या वर्षी पारितोषिक दमनहूरलाच मिळालं. करीमाननं फोटो पाठवला. मध्ये डॉक्टर वजीह हसत होता, हातात ढाल, बाजूला दोन नवीकोरी यंत्रं. इन्शिराहनं बोटांनी फोटो मोठा केला. हसणारे चेहरे बाजूला सरकले आणि मागच्या भिंतीवरचा स्क्रीन पुढे आला. दोन्ही डिस्क जुळलेल्या असल्या की त्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसतो. फोटो जरा अंधुक होता. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

ठिपका होता. मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईला बाळाचं नाव विचारलं.