चिठ्ठी ठेवली नसती

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना पुस्तकं वाचायची सवय नव्हती, उघडायची होती. कणा खिळखिळा झालेलं पुस्तक तळहातावर उभं धरायचं आणि सोडून द्यायचं. ते जिथे आपसूक उघडेल तिथे वाचणारा जास्त रेंगाळला, असा त्यांचा हिशेब. संशयी माणसाच्या हाती अशी विद्या पडली की घरच्यांची काही खैर नसते.

वर्षभर दुरुस्तीला येत होत्या त्या बहुतेक तरुण मुलामुलींसाठी लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या. त्यांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून मतांचा कागद चिकटवायची टूम वाचनालयाने काढली होती. आपला सभासद क्रमांक टाकायचा आणि पुस्तकाबद्दल वाटेल ते लिहायचं. बहुतेक जण ‘छान’ लिहून मोकळे होत. त्या दिवशी मात्र खळ लावता लावता बाईंचा हात थांबला. क्रमांक त्यांच्याच घरचा होता आणि अक्षर त्यांच्या सतरा वर्षांच्या लेकीचं.

‘ही घर सोडते ते बरोबरच. मीही हेच केलं असतं. फक्त चिठ्ठी ठेवली नसती. चिठ्ठी ठेवली की शोधायला येतात.’

बाईंनी पुस्तक तळहातावर सोडलं. नायिका बॅग भरते, नेमक्या त्याच पानावर ते उघडलं. लेकीने नेऊन आणलेली आणखी दोन पुस्तकं त्यांनी कपाटातून उपसून काढली. एकात लिहिलं होतं, ‘आईला काही कळत नाही असं लेखिकेला वाटतं. आईला सगळं कळतं, ती फक्त न कळल्याचं सोंग करते.’ दुसऱ्यात, ‘शेवटी ती परत येते ते पटलं नाही. सुटलेलं माणूस परत येत नाही.’

मग काय, बाईंना जिकडे तिकडे पुरावेच दिसू लागले. नवरा कामासाठी परगावी, त्यामुळे पहारा एकटीवर. लेक दुपारभर आतल्या खोलीत दार लोटून कुजबुजते आणि आपण आलो की गप्प होते. त्या खोलीत दुसरं होतं तरी कोण? थोरली नणंद. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर वाचायला बंदी होती आणि ती काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिची साक्ष काय काढणार? बाईंनी लेकीचं दप्तर तपासलं, बूट हलवून पाहिले. अखेर खणातलं तिचं ओळखपत्र आणि शाळेचे दाखले उचलले आणि दुरुस्तीच्या खोलीत, पुस्तकं दाबायच्या यंत्राखाली नेऊन ठेवले. कागदाशिवाय कुठे जाईल?

दोन दिवसांनी लेकीला कॉलेजच्या अर्जाला तेच दाखले हवे होते. बाई कामावरून आल्या तेव्हा घर उलथंपालथं पडलं होतं आणि लेक जमिनीवर बसून रडत होती. बाईंनी दाखल्यांचं काहीच सांगितलं नाही. पुस्तकातून सोडवून आणलेला कागद त्यांनी तिच्यापुढे टाकला आणि कुठे जायचं ठरलंय, असं विचारलं.

लेकीने कागद मोठ्याने वाचला आणि वळून आत्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्याची आत्या चाचपडत दारापर्यंत आली होती.

“ते माझं आहे. वाचते ती, लिहितेही ती, पण बोलते मी,” नणंद म्हणाली. “पन्नाशी उलटली आणि पोरींच्या गोष्टी ऐकतेय, म्हणून लाज वाटायची. मीच तिला सांगितलं होतं, आईला कळू देऊ नकोस.”

“आणि ते बॅगेचं पान, वन्सं?”

“चारदा वाचून घेतलं. अठराव्या वर्षी मीही भरली होती बॅग. आई दारात येऊन उभी राहिली. मी कपडे परत कपाटात ठेवले.”

बाईंना नणंदेची एवढी कीव कधी आली नव्हती. त्याहून जास्त त्यांना हायसं वाटलं, आणि त्या भरात त्या दाखले कुठे आहेत ते सांगून बसल्या. सकाळी आधी तेच आणून देते, अर्ज भरायला अजून वेळ आहे, असंही म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले. ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही.

“आई, घर सोडायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं,” ती म्हणाली. “आता आलं.”

बाईंनी जन्मभर कुणाच्या बोलण्यावर सहजी विश्वास ठेवला नव्हता. या बोलण्यावर मात्र त्यांचा लगेच विश्वास बसला.