मान म्हणा, तोंड म्हणा

मी सर्व्हिक्स बोलतोय. दचकू नका, मी शिवी नाही. शब्द आहे, आणि चांगल्या घराण्यातला आहे. लॅटिनमध्ये माझा अर्थ अगदी साधा: मान. सुरईला असते तशी गर्भाशयालाही मान असते, म्हणून वैद्यांनी मला तिथलंही काम दिलं. तेव्हापासून मी दोन्हीकडे राबतोय. पुढे देशोदेशी गेलो. काही भाषांनी मला मानच ठेवलं. मराठीने मात्र 'गर्भाशयाचं तोंड' म्हटलं. मला वाटलं, चला, बढती झाली.

बढती कसली! मला तोंड म्हणायचं आणि माझा विषय निघाला की स्वतःचं तोंड मिटून घ्यायचं, ही तुमची तऱ्हा.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचंच बघा. पाळी नसतानाही अंगावरून रक्त जायचं, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी हात धुता धुता "सर्व्हायकलची तपासणी करून घ्या" एवढंच सांगितलं. माझं अर्धंच नाव त्यांच्याकडे फेकलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय निघालं?"

समोर सासरे पेपर वाचत होते. "सर्व्हायकल म्हणाले," बाई पुटपुटल्या.

"म्हणजे मानेचं दुखणं! तरी सांगत होतो, मशिनवर मान मोडून बसू नकोस."

संध्याकाळी तो मोठ्या काळजीने मानेचा पट्टा घेऊन आला. बाईंची मान ठणठणीत होती, पण खरं दुखणं उघड करायचं म्हणजे ते सासऱ्यांसमोर सांगावं लागणार. त्यांनी मुकाट्याने पट्टा बांधला आणि महिनोन्महिने तसंच शिवत राहिल्या. अंगावरून जाणं काही थांबलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, बिघाड खाली होता आणि तुम्ही गळा आवळून बसला होतात!

शेवटी मोठ्या जावेने हटकलं. "खाली बघता येत नाही, तर सुई कशी ओवतेस? मान दुखते तरी का?"

"मान नाही हो दुखत, ताई. मधेच अंगावरून जातं."

"मग पट्टा गळ्यात कशाला बांधलास?"

जावेने त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आला असतात तर थोडक्यात निभावलं असतं. आता ऑपरेशन करावं लागेल.

घरी नवरा घाबरला. "मानेचं ऑपरेशन?"

"मानेचं नाही," बाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या तोंडाचं."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस, पोरी?" एवढंच म्हणाले.

उद्या ऑपरेशन आहे. त्यातून काय निघेल, मलाही ठाऊक नाही. पट्टा खुंटीला लटकतोय. मला मान म्हणा, तोंड म्हणा, हवं ते म्हणा. पण स्पष्ट म्हणा, आणि वेळेत म्हणा.