उष्टे तुकडे

साहेबांचा उष्टा कप आजही कीबोर्डशेजारीच होता. तळाशी थिजलेला चहा, त्यावर साय. सर्व्हर सांभाळणाऱ्या तिला तो पाहवेना. मामांनी मात्र सवयीने तो उचलला, टेबलावरचा डाग पुसला. हे तिचे सख्खे मामा, प्रयोगशाळेत ऑपरेटर. आज दुपारी त्यांना कामावरून काढणार होते.

डेटाबेस सकाळपासून उठत नव्हता. खाली पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी ताटकळले होते, आणि साहेबांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सांगून टाकलं होतं, "मामा प्रोग्राम अर्धवट बंद करतात. त्यांचीच घाण आहे."

तिने यादी काढून पाहिली. प्रत्येक प्रोग्राम मेमरीचा एक सामायिक तुकडा घेतो आणि नीट बंद केला तर परत करतो. गळा दाबून मारला, तर तुकडा तसाच पडून राहतो, जेवून उठलेल्याच्या ताटासारखा. असे ढीगभर बेवारशी तुकडे साचले होते, म्हणून डेटाबेसला जागाच मिळत नव्हती. आणि प्रत्येक तुकड्यावर साहेबांचं लॉगिन! प्रोग्राम जरा रेंगाळला की मारायचा आणि चहाला जायचं, ही त्यांची जुनी खोड. चोर तो चोर, वर शिरजोर. तिला किळस आली.

सगळ्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. एका आदेशात तिने सगळं साफ केलं असतं, पण मग मामांवरचा ठपका कायमचा चिकटला असता. यादीतलं नाव दाखवलं असतं, तर साहेब म्हणाले असते, मशीन चुकलं, नाहीतर माझा पासवर्ड कुणीतरी वापरला.

तेवढ्यात साहेब नवा कप घेऊन आले, मागोमाग बाई.

"ही तुकड्यांची घाण काढली की डेटाबेस उठेल," ती बाईंना म्हणाली. "पण एक आहे. माझं सोडलं, तर इथलं कोणतंही लॉगिन फक्त स्वतःचाच तुकडा काढू शकतं, दुसऱ्याचा नाही. मामा, तुमची आहे ना घाण? बसा, काढा."

मामांचा चेहरा पडला. भाचीसुद्धा? त्यांनी आदेश दिला. मशीनने साफ नकार दिला.

"साहेब, आता तुम्ही बघता?"

"यांना साधं एवढं जमत नाही! सरका." साहेब ऐटीत बसले. ती बाईंना काय म्हणाली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "तिकडे बघा हं सगळे. माझा पासवर्ड आमच्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही."

एकेक तुकडा मुकाट्याने निघून गेला. डेटाबेस उठला. खाली प्रिंटर खडखडू लागला.

"बघितलंत? हाताला गुण असावा लागतो," साहेब म्हणाले.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "आणि पासवर्डचंही ऐकलं. मामा, दुपारी माझ्याकडे यायची गरज नाही. साहेब, तुम्ही या."

साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी घाईघाईने कप रिकामा केला, कीबोर्डशेजारी ठेवला आणि उठले. मामांचा हात आपसूक कपाकडे गेला.

तिने तो मनगटाशी धरला. "राहू द्या, मामा."

साहेब दारात थबकले. कोणीच हललं नाही. शेवटी ते परत आले आणि कप उचलून घेऊन गेले. टेबलावर ओला गोल डाग तेवढा उरला.