खरड छाटणीचा प्रश्न

शुभांगी भोयेने अर्जासाठी पहिल्यांदा जे लिहिलं होतं, ते जीपबद्दल होतं. दोन पानं, मराठीत, स्वच्छ अक्षरात.

तिचे वडील बारकू सुरगाणा ते वणी जीप चालवत. चौदा माणसं झाल्याशिवाय जीप हलत नसे. अकरावीच्या सुट्टीत शुभांगी एकोणीस दिवस जीपच्या थांब्यावर बसली आणि कोण किती वेळ ताटकळलं ते वहीत लिहीत गेली. बाजाराच्या दिवशी माणशी अकरा मिनिटं, एरवी बावन्न. मग ती वडिलांच्या मागे लागली, की बाबा, आठला म्हणजे आठलाच सोडा, नऊच माणसं असली तरी. बारकूने आधी वेड्यात काढलं, मग करून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात आठच्या आधीच जीप भरायला लागली. संख्याशास्त्र नावाचा एक विषय असतो आणि आपण जे केलं ते त्यातलं आहे, हे तिला बारावीत नाशिकला आल्यावर कळलं. तेव्हापासून तिला दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात तो विषय होता, शिष्यवृत्तीही होती. लेखी परीक्षेत गणिताच्या भागात तिला पैकीच्या पैकी मिळाले. मुलाखतीचं बोलावणं आलं, त्याआधी स्वतःविषयी लिहून अर्ज पाठवायचा होता. तेवढ्यात नाशिकच्याच कॅनडा कॉर्नरजवळच्या एका क्लासचा फोन तिच्या वसतिगृहावर आला. जे लेखी पास झालेत त्यांची मुलाखतीची तयारी आम्ही फुकट करून घेतो, फक्त फोटो द्या.

क्लास जीवनसरांचा होता. सर सटाण्याकडचे, बोलायला गोड. त्यांनी ती दोन पानं वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"जीपचं कुणाला काय पडलंय? तुझा संघर्ष सांग."

"कसला संघर्ष, सर?"

"अगं, सुरगाण्याची ना तू? आई काय करते?"

"अंगणवाडी सेविका आहे."

सरांचा चेहरा पडला. "तुमच्याकडून दिंडोरीला मजुरीला जातात ना लोक? द्राक्षाच्या बागेत?"

जातात की. शेजारची लंकाबाई दरवर्षी जाते, तिची मुलगीही बरोबर जायची, असं शुभांगी सहज बोलून गेली. आठवीनंतर त्या मुलीची शाळाच सुटली, हेही तिने सांगितलं. सर भराभर लिहून घेत होते.

तीन दिवसांनी त्यांनी क्लासच्या कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. सगळं इंग्रजीत, सुरेख. पण त्यात शुभांगीच आईबापांबरोबर द्राक्षमळ्यात राबत होती, तिचीच शाळा बुडत होती, कंदिलाखाली तीच गणितं सोडवत होती.

"सर, हे खरं नाहीये."

"लंकाबाईचं खरं आहे ना? मग झालं तर. तुझ्या भागाचं खरं तेच तुझं खरं. दाब बटण, आज शेवटची तारीख आहे."

तिने बटण दाबलं. सरांनी तिचा हात धरून दाबलं नव्हतं. हे तिला पुढे फार छळायचं.

पुण्याला न्यायला बारकू आला, तेव्हा क्लासच्या दारावर फलक लागला होता. शुभांगीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मजूर आईबापांची लेक विद्यापीठाच्या दारात'. बारकूने तो दोनदा वाचला.

"मी कवा गेलो गं मजुरीला?"

"जाहिरात आहे, बाबा."

"तुझी आय काय म्हनंल?" एवढंच तो बोलला. नाशिक ते पुणे सहा तास एसटीत त्याने खिडकीबाहेर पाहिलं, तिच्याकडे नाही.

मुलाखतीला तिघं होते. मधले केस पिकलेले गृहस्थ, डावीकडे एक तरुण प्राध्यापक, उजवीकडे चष्मा लावलेल्या एक बाई. मराठीत बोललं तरी चालेल, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. शुभांगीला हायसं वाटलं. नाव, गाव, आवडता विषय इथवर सुरळीत गेलं. मग बाईंनी अर्जाचं पान उलटलं.

"माझं माहेर निफाडचं," त्या आपुलकीने म्हणाल्या. "आमचीही बाग आहे. तुझी शाळा कधी बुडायची गं? खरड छाटणीला, की फळछाटणीला?"

खरड छाटणी कधी असते, हे शुभांगीला ठाऊक नव्हतं. "दोन्हीला," ती म्हणाली.

"खरड छाटणीला, म्हणजे एप्रिलमध्येही? परीक्षा असते तेव्हा." बाईंना खरंच वाईट वाटलं असावं. "आणि डोळ्यांना पेस्ट लावायचं काम मुलींनाच देतात, नाही का? तूही केलं असशील."

"हो, मॅडम. पण डोळ्यांत गेलं की फार झोंबतं."

बाईंनी चष्मा काढला.

"वेलीच्या काडीवर जिथून फूट येते ना, त्याला डोळा म्हणतात. छाटणी झाली की त्याला औषधाची पेस्ट लावतात. एक दिवस जरी बागेत काम केलं असतंस तरी तुला माहीत असतं."

सरांनी शंभर प्रश्नांची उत्तरं घोकून घेतली होती, त्यातलं एकही या जागी बसत नव्हतं.

"मी बागेत कधीच काम केलेलं नाही," ती म्हणाली. "ती आमची शेजारीण जाते. वडील जीप चालवतात. अर्ज क्लासच्या सरांनी लिहिला. पाठवला मी."

"का पाठवलास?" मधल्या गृहस्थांनी विचारलं.

"माझं जे होतं ते तुम्हाला नको असेल, असं वाटलं."

"काय होतं?"

ती उठून फळ्याकडे गेली. तिने खडू उचलला. एकोणीस दिवस, चौदा माणसं, अकरा मिनिटं, बावन्न मिनिटं. वेळ ठरलेली असली की माणसं वेळेवर येतात आणि वेळ ठरलेली नसली की सगळेच उशिरा येतात, म्हणून जो लवकर येतो तोच भरडला जातो, हे तिने आकृती काढून दाखवलं. तरुण प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकला.

"दुसऱ्या आठवड्यात माणसं वाढली, की तीच माणसं लवकर आली?"

तिने हा विचारच केला नव्हता. काय सुरेख प्रश्न होता! "ते शोधता येईल, सर. नावं लिहिलेली आहेत," ती घाईने म्हणाली आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली. पुढचा मुलगा आला होता.

"हे तू लिहून पाठवायला हवं होतंस," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

बारा दिवसांनी ईमेल आला. अर्जातली माहिती खरी नसल्यामुळे विचार करता येत नाही. तिने खाली दिलेल्या नंबरवर चार वेळा फोन लावला. चारही वेळा रेकॉर्ड केलेल्या बाईने तिला एक दाबा, दोन दाबा सांगितलं आणि मग फोन कटला. तिने उत्तरादाखल जीपवरची ती दोन पानं स्कॅन करून पाठवली. या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत, असा निरोप लगेच परत आला.

ती तशीच क्लासवर गेली. जीवनसर नव्या मुलांना खुर्चीत कसं बसायचं ते शिकवत होते.

"कबूल कशाला केलंस?" बाहेर येऊन तिचं ऐकून घेतल्यावर ते खेकसले. "सावरून घ्यायचं होतं. इतकी तयारी करून घेतली होती."

"सर, त्यांनी माझं जीपचं ऐकलं. त्यांना आवडलं. तुम्ही ते टेबलावर पालथं घातलं होतंत."

"आवडलं म्हणे. मग घेतलं का?" सरांचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "मी पाच मुलाखती दिल्या, शुभांगी. भौतिकशास्त्राच्या. पाचही ठिकाणी मला विचारलं, घरी शेती किती, वडील किती शिकलेत. माझा विषय एकानेही विचारला नाही. म्हणून सांगत होतो. तुमच्याकडच्या मुलांकडून त्यांना काय ऐकायचं असतं ते मला माहीत आहे."

तिला त्यांची कीव आली आणि तेवढाच रागही आला. "मला माझा विषय विचारला होता, सर," ती म्हणाली.

तिने आतून स्टूल आणलं, दारात ठेवलं, वर चढली आणि फलकाच्या दोऱ्या सोडायला लागली. गाठी पक्क्या होत्या. आतली मुलं बघत होती. सर ना अडवायला आले, ना स्टूल धरायला. शेवटची गाठ तिने दातांनी सोडवली.

गावी गेल्यावर तिने लंकाबाईला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती चिडेल. लंकाबाई तांदूळ पाखडत होती, ती थांबलीही नाही.

"माझं सांगून तुला मिळालं असतं तरी माझं काय जात होतं? पन एक सांग. आमची गोष्ट त्यांना येवढी गोड लागती, तर माझ्या पोरीला का नाय बोलवलं कोनी?"

शुभांगी उंबऱ्यावर बसून राहिली.

जुलैत तिने नाशिकच्याच एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. संख्याशास्त्र होतं, पण शिकवायला एकच मॅडम आणि त्याही तासिका तत्त्वावर. बारकू बरोबर आला होता. दाखले, झेरॉक्स, फोटो घेऊन दोघं दोन तास रांगेत उभे राहिले. अर्ज तिने स्वतः भरला. आईचा व्यवसाय, वडिलांचा व्यवसाय, सगळं नीट लिहिलं आणि मग पान उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. हा विषय का घेताय, असा रकाना त्यात कुठेच नव्हता.

"काय राहिलं का?" खिडकीतल्या क्लार्कने विचारलं.

"नाही."

"मग सही करा आणि सरका. मागे लोक उभे आहेत."

तिने सही केली. इतक्या जोरात, की ती खालच्या कागदांवरही उमटली.