डावीकडची बैठक

नेस्टाने घडीच्या खुर्चीवर आधी आपली निळी विणलेली उशी ठेवली, डाव्या बाजूला जरा दुमडून उंच केली आणि मगच ती टेकली. लहानपणी गवताच्या गाडीवरून पडली तेव्हापासून तिचा डावा खुबा खचलेला होता. उशीवाचून बसलं की सगळं अंग डावीकडे कलायचं. त्यामुळे चॅपलमध्ये असो, दवाखान्यात असो की कुणाकडे चहाला, उशी काखोटीला असायचीच.

"झाली राणीसाहेब विराजमान," तिची जुनी मैत्रीण ग्वेनी थर्मास उघडत म्हणाली. "आता चहा ओतू की आधी मुजरा करू?"

"चहा ओत. मुजऱ्याला वाकलीस तर उठवायला चार माणसं लागतील."

समुद्रावरून वारा सुटला होता. विमानतळाच्या जुन्या, भेगाळलेल्या धावपट्टीवर एमलिन प्रॉसरच्या गाड्या उभ्या होत्या. नेस्टाच्या नवऱ्याने उभ्या जन्मात शर्यतीच्या सात गाड्या घडवल्या. त्यांतल्या चार उरल्या होत्या, आणि त्याच्या माघारी आज पहिल्यांदाच चारही एका जागी आल्या होत्या. माणसं टोप्या सावरत गाड्यांभोवती फिरत होती, देवळात बोलावं तसं हळू बोलत होती. दुपारी नेस्टाने त्याच्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी हा मेळावा भरवणाऱ्या मंडळाची विनंती होती.

ती काय बोलणार? या लोकांना एमलिनच्या एकेका गाडीचं वजन तोंडपाठ होतं. तिच्या ओळखीचा एमलिन म्हणजे शेडचं बंद दार. जेवायला हाक मारली की आतून "आलो" असा आवाज यायचा, आणि रस्सा निवून जायचा.

"मला एकदा फिरवून आण की रे," ती म्हणायची.

"माझ्या गाडीत दुसऱ्या माणसाला जागा कुठंय?" तो हसायचा. "नियमात दोन बैठका लिहिल्यात, म्हणून डावीकडे एक पत्रा ठोकतो. तिथं मांजरसुद्धा बसायचं नाही."

ते खरंच होतं. हलकी, आणखी हलकी, हाच त्याचा ध्यास. शेवटच्या वर्षी मात्र काय मनात आलं कोण जाणे. एका रविवारी ती टोपी घालून चॅपलला निघाली होती, तर त्याने तिला शेडमध्ये बोलावलं. तिची उशी काढून खिळ्याला अडकवली आणि तिला एका लाकडी खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीवर बसवलं. दोन डब्यांतलं काहीतरी एकत्र करून त्याने पिशवीत ओतलं. फेस फुगत फुगत तिच्या कमरेभोवती चढला. चांगला ऊबदार होता.

"हे रे काय?"

"तुझ्यासाठी खुर्ची करतोय. हलू नकोस."

चॅपलला पोचेपर्यंत पहिलं स्तोत्र संपत आलं होतं, आणि तिची पाठ अजून कोमट होती. पुढे तिने कितीदा विचारलं, "माझी खुर्ची?" तर "येतेय, येतेय." वसंत लागायच्या आत तो गेला. शेडमध्ये ताडपत्रीखाली अर्धवट राहिलेली गाडी भागीदार घेऊन गेला, ती परदेशी विकली गेली. ताडपत्री उचलून बघायचं नेस्टाला धाडस झालं नव्हतं.

"ग्वेनी," ती म्हणाली, "शेडमध्ये असताना त्याला माझी कधी आठवण होत असेल का गं?"

"शेडमध्ये पुरुषाला देव आठवत नाही, तू कुठली आठवायला!" मग तिचा चेहरा बघून ग्वेनीचा सूर उतरला. "चॅपलला यायचा की तुझ्याबरोबर."

"तो उपदेशकासाठी यायचा."

तेही खरंच. त्यांचा म्हातारा उपदेशक साध्या बोलण्याने सुरुवात करायचा, आणि मध्येच कुठेतरी त्याचा शब्द जमीन सोडायचा. बोलणं कधी गाणं झालं ते कळायचंच नाही. भरल्या सभेच्या अंगावर काटा यायचा. अशा वेळी एमलिन डोळे मिटून पुटपुटायचा, "इंजिनानं असं बोलता बोलता गायला पाहिजे."

हातातली टोपी चुरगळत एक उंच माणूस समोर आला. चारांतली ती हिरवी गाडी गेल्या वर्षी बेल्जियममधून परत आणणारा हॅडली.

"मिसेस प्रॉसर, तुम्हालाच विचारायचं होतं. माझ्या गाडीची डावीकडची बैठक आहे ना, बाकीच्यांत नुसता देखावा, पण हिच्यात अख्खी आहे. चांगली जाड, फेसाची. आणि तीसुद्धा वाकडी! बायको बसली, तिची पाठ धरली. मेव्हणा बसला, तो अजून लंगडतोय. जाणकार म्हणतात, आजारपणात प्रॉसरसाहेबांचा हात चुकला. काढून सरळ बसवून घेतो म्हणतो. तुमची हरकत नाही ना?"

"एमलिनचा हात चुकला?" ग्वेनी फणकारली. "अहो, तो पावाचा तुकडासुद्धा पट्टी लावून कापायचा!"

नेस्टाने चहाचा पेला गवतावर ठेवला आणि उशी उचलून ती हिरव्या गाडीकडे चालू लागली.

"अगं, कुठं निघालीस? वयाचा काही विचार?"

हॅडलीने हात दिला. गाडीच्या बुटक्या कडेवरून आधी उजवा पाय आत गेला, मग आखूड डावा. सवयीने तिने उशी डावीकडे दुमडून ठेवली आणि बसली. बसली ती उजवीकडे कलली.

जन्मात ती कधी उजवीकडे कलली नव्हती.

ती तशीच थांबली. दोन्ही तळहात तिने बैठकीच्या कडांवरून फिरवले, हळूहळू, खालपर्यंत. मग जरा उठून तिने उशी अंगाखालून ओढून काढली, आणि पुन्हा टेकली.

"हे धर गं," ती ग्वेनीला म्हणाली. "इथं लागत नाही."

ग्वेनीने उशी घेतली. काहीतरी टोमणा तिच्या ओठांवर आला होता. पण नेस्टा ताठ, सरळ बसलेली तिला दिसली, आणि उशी तिने काखोटीला मारली.

"मग बैठकीचं काय करू?" हॅडलीने विचारलं.

"आधी मला फिरवून आण."

"आणि तुमचं भाषण?"

"आल्यावर बघू."

तो उजवीकडे बसला. इंजिन खोकललं, थरथरलं, आणि खालच्या पट्टीत नुसतं बोलू लागलं. धावपट्टी लांबलचक होती. नेस्टाने डोळे मिटून घेतले आणि ते गायला लागायची वाट बघत राहिली.