ग्रहमातेचा आवाज

“कट! ताई, इथं एसटीची गाडी सुटत नाहीये. तुम्ही एका ग्रहाच्या माता आहात,” अश्विनी म्हणाली. ती मालिकेची दिग्दर्शिका, वयानं पुष्पावतीबाईंच्या लेकीएवढी.

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या उघड्या कातळावर ऊन तापलं होतं. पुष्पावतीबाईंच्या अंगात चंदेरी झगा होता, कपाळावर काचेचा तिसरा डोळा चिकटवला होता. समोर अंतराळवीर झालेला नट गुडघे टेकून घाम पुसत होता. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, “हे पृथ्वीवासी, तुझ्या यानाचे इंधन संपुष्टात आलेले आहे... परंतु माझी करुणा संपुष्टात आलेली नाहीऽऽ.”

“कट!”

“मॅडम, असं कोन बोलतं पन?” बाईंनी विचारलं.

“दुसऱ्या ग्रहावरचे लोक बोलतात.”

“घरात बी असंच बोलत्यात? जेवाय वाढताना?”

सगळं युनिट हसलं. अश्विनीही हसली, पण वाक्य बदललं नाही. वाक्य वरून, चॅनेलकडून लिहून आलेलं होतं.

पुष्पावतीबाई तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. आधी बरीच वर्षं कंडक्टर. गुडघे बोलायला लागल्यावर कंट्रोल रूममध्ये आल्या आणि माईक त्यांच्या हाती आला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे सांगताना त्या प्रत्येक शब्दानंतर थांबत आणि शेवटचं अक्षर लांबवत. बाजाराच्या गोंगाटातही म्हाताऱ्या माणसाला समजायला हवं, म्हणून लागलेली ती सवय. शूटिंगची जागा शोधायला आलेल्या अश्विनीनं खिडकीतून त्यांचा करारी चेहरा पाहिला आणि तिथल्या तिथं काम देऊन टाकलं.

कातळावर त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत त्यांनी तेच संवाद पुन्हा पुन्हा म्हटले. शेवटी “ओके” झालं. आपण फार चांगलं बोललो, असं त्यांना वाटलं नाही. पण अवघड घाट चढून गाडी वर आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या स्टँडला पेढे वाटले.

मालिका लागली त्या संध्याकाळी कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कँटीन चालवणाऱ्या बायडाबाईनं टीव्हीचा आवाज पुरता वाढवला. ड्रायव्हर, कंडक्टर, गाडीची वाट पाहणारे लोक, सगळे माना वर करून उभे. पडद्यावर चंदेरी झगा दिसला आणि शिट्ट्या पडल्या. ग्रहमातेनं तोंड उघडलं.

आवाज निघाला तो एका कोवळ्या, गोड, शहरी मुलीचा.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग गोरक्ष ड्रायव्हर ओरडला, “मावशी, तुमच्या पोटात कोन बसलंय वो?”

हशा उसळला. बाईसुद्धा थोडं हसल्या. मग पदरानं तोंड पुसून पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आल्या आणि त्यांनी अश्विनीला फोन लावला.

“मॅडम, माजा आवाज कुटं गेला?”

“ताई, मी सांगणार होते तुम्हाला. चॅनेलला तुमचा आवाज ग्रहावरचा वाटला नाही.”

“मग कुटला वाटला?”

“स्टँडवरचा.”

“मग बरोबर वाटला की.”

“ताई, खरं सांगू? संवाद म्हणताना तुम्ही जरा... जमलं नव्हतं.”

“न्हाई जमलं. मला बी ठावं हाय. वाईट बोलले आसंन मी. पन मी बोलले हुते ना? त्वांड माजं आन् बोलनार दुसरीच, ह्ये कुटलं?”

अश्विनी “सॉरी ताई” म्हणाली. फोन ठेवून बाई कंट्रोल रूममध्ये गेल्या आणि राहिलेली ड्यूटी त्यांनी नेहमीसारखी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागायचा होता. कंट्रोल रूमच्या खिडकीतून कँटीनचा टीव्ही समोर दिसायचा. संगमनेरची गाडी नुकतीच सुटली होती, पुढची अजून यायची होती. बाईंनी खिडकीतून हाक मारली, “बायडे, आवाज बंद कर त्येचा.”

“बंद? आगं, तुजंच लागलंय की!”

“म्हनूनच म्हनते. बंद कर.”

टीव्ही मुका झाला. पडद्यावर काचेचा डोळा चमकला. बाईंनी माईकचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि पडद्यावरच्या आपल्या तोंडाकडे बघत सुरुवात केली.

“हे पृथ्वीवासी...”

फलाटावरच्या लोकांनी सवयीनं पिशव्या उचलल्या. मग खाली ठेवल्या.

“तुझ्या यानाचे इंधन... संपुष्टात आलेले आहेऽऽ.”

एकानं शेजारच्याला विचारलं, “कंची गाडी बंद पडली?” कुणीतरी कँटीनकडे बोट दाखवलं. माणसं टीव्हीपुढे जमू लागली. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या ओठाला ओठ मिळवत होत्या. एका ठिकाणी मागे पडल्या, एका ठिकाणी पुढे गेल्या. ‘करुणा’ला तर आवाज चिरकलाच. पण त्या थांबल्या नाहीत. ग्रहमातेचं शेवटचं वाक्य संपेपर्यंत सगळं स्टँड त्यांच्या आवाजानं भरून राहिलं होतं. काही लोक हसत होते. आदल्या संध्याकाळी हसलेला गोरक्ष मात्र गाडीत चढून आपल्या जागेवर बसला. मग त्यानं एकदाच जोरात हॉर्न दिला.

तासाभरात डेपोच्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब तसे भले होते. त्यांनी बाईंना आधी बसायला सांगितलं.

“मावशी, सरकारी माईक आहे तो. लोकांची माफी मागा, म्हणजे विषय मिटला.”

“कुनाची गाडी चुकली का, साहेब?”

“नाही, पण...”

“मग माफी कशाची मागू? माईक वापरला, ह्ये खरं. त्येची काय शिक्षा आसंल ती द्या. माफी न्हाई मागायची.”

साहेबांनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. “उद्यापासून माईकवर ज्योती बसेल. तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसा.”

“बसते,” बाई म्हणाल्या आणि नमस्कार करून बाहेर आल्या.

सकाळी ज्योती माईकपुढे बसली. नवी पोरगी, आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. बाई चौकशीच्या खिडकीत बसल्या. थोडा वेळ त्यांनी लोकांना उत्तरं दिली. मग राजूरची गाडी फलाटाला लागली. वर कर्ण्यातून ज्योतीनं तसं सांगितलं. बाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत पायरी उतरल्या आणि फलाटाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. साहेब आपल्या दारात आले होते. बाईंनी त्यांना पाहिलं. नजर वळवली नाही.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि नुसत्या गळ्यानं हाक दिली, “राजूरऽऽ... राजूरवाले चलाऽऽ...”

पार टोकाला, लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा अजून गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली, गाठोडं उचललं आणि गाडीकडे चालायला लागला.