सेतुवेहळ्ळीच्या पुलाचा निकाल

बेंगळुरूच्या वेशीवरच्या सेतुवेहळ्ळीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गावचा तीन कमानींचा दगडी पूल आज स्वतः निकाल देणार, अशी बातमी मोबाइलवरून पसरली होती. पार शहरातल्या एचएसआर लेआउटहून मंडळी गाड्या काढून आली होती. शिकलेली होती बिचारी!

पूल कोणी बांधला, हा गावचा जुना वाद. शेकडो वर्षं इथंच राहिलेली मराठी घरं म्हणत, आमच्या सरदारानं. कन्नड घरं म्हणत, आमच्या पाळेगारानं. आजवर हे भांडण कॉफीबरोबर संपायचं. मग महांतेशस्वामी अवतरले.

"दगडाला सगळं आठवतं!" स्वामी गरजले. पुलाच्या एका दगडाला हळदीचा लेप लावला होता. स्वामींच्या तांब्यातल्या तीर्थानं हात धुवायचा आणि ओला पंजा दगडावर दाबायचा. कन्नड घरातल्या शिवाप्पाचा पंजा पिवळाच राहिला. त्याचा शाळेपासूनचा दोस्त विश्वासराव पुढे झाला, तर पंजा उठला लालभडक!

"रक्त! हे उपरे आहेत! या मराठी घरांनी पूल ओलांडायचा नाही!" स्वामींनी फर्मावलं.

दुसऱ्याच दिवशी विश्वासरावांच्या आईला, सोयराबाईंना, धाप लागली. दवाखान्याकडे निघालेली त्यांची रिक्षा चार तरुणांनी पुलावरून परत फिरवली. लांबच्या वाटेनं पोचेपर्यंत म्हातारीचे ओठ निळे पडले होते. जीव वाचला, एवढंच.

पुढच्या रविवारी पुन्हा दरबार भरला. या वेळी विश्वासरावांची मुलगी संयोगिता आली. ती मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. स्वामींपुढे तांबे दोन होते, आणि एकातल्या पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा धरलेला तिला दिसला.

"स्वामीजी, तुमचाही पंजा बघू की," ती म्हणाली.

"आम्ही वादाच्या पलीकडचे, बाळ."

"मग घाबरता कशाला? स्वल्प पाणीच तर आहे!"

लोक हसले. हसलेल्या गर्दीपुढे स्वामींना नाही म्हणता येईना. तिनं पापुद्र्याचा तांबा त्यांच्या हातावर ओतला आणि पंजा दगडावर दाबायला लावला.

लालभडक!

"आता काय करायचं?" संयोगितानं विचारलं. "स्वामींनाही गावाबाहेर काढायचं?"

मग तिनं पूजेच्या ताटातलं लिंबू कापून त्या 'रक्ता'वर पिळलं. लाल पंजा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"ही चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की लाल होते, लिंबानं पुन्हा पिवळी. दुसऱ्या तांब्यात साधं पाणी आहे. ज्याला उपरा ठरवायचं, त्याच्या हातावर निवळी ओतायची."

स्वामी केव्हा पसार झाले, ते त्यांच्या चेल्यांनाही कळलं नाही. शिवाप्पा मान खाली घालून पुढे आला.

"सोयराअम्मा कशा आहेत?"

"बऱ्या आहेत अण्णा. तुम्हाला विचारत होत्या."

मग ती गर्दीकडे वळली. "पूल कोणी बांधला, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना बोलवू, पुरावे निघतील ते मानू. पण इथून पुढे कोणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचे तांबे बघा. आणि एक ध्यानात ठेवा, माझ्या आजीची रिक्षा पुलानं अडवली नव्हती. तुम्ही अडवली होती."